डब्याच्या वहीतली सत्ताविसावी ओळ

आमच्या घरी टीव्हीच्या डब्याची एक वही होती. ऐकणारे हसतात, आणि हसण्यासारखंच आहे ते. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही, टीव्हीखालच्या कप्प्यात, पेन दोऱ्याने बांधलेला. मी रिसोडजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांचं भांडार सांभाळते. तेवीस वर्षं माझं काम एकच आहे : काय आलं, काय गेलं, काय उरलं, आणि ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. तशी सवय लागलेल्या बाईच्या घरी रेकॉर्डिंगवाला डबा आला, की वही होणारच.

डबा म्हणजे सेट-टॉप बॉक्स, मुलाने पाठवला होता. तो पुण्याला नोकरीला लागला त्या दिवाळीत गच्चीवरची डिशची छत्री तीच राहिली, खालचा डबा बदलला. नवीन डब्यात कार्यक्रम साठवून ठेवता येत होता. आम्हा दोघांना त्याची गरजही होती. मी साडेआठला घर सोडायची, संध्याकाळी परत. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, शाळा पंधरा किलोमीटरवर, जीपने जाणं-येणं. मालिका लागायची तेव्हा मी स्वयंपाकात आणि ते फाटकाशी कोणाच्या तरी पोराचा दाखला समजावून सांगत उभे. डबा आल्यावर मी सोमवार ते शनिवार रेकॉर्ड लावून टाकलं आणि रविवारी दुपारी जेवणानंतर सहाही भाग ओळीने पाहायचे असं ठरवलं. जाहिराती पुढे ढकलायच्या. तीन तासांचं काम सव्वादोन तासांत व्हायचं. मला ते फार आवडायचं.

नियम एकच होता. ‘दोघांचे’ असं लिहिलेलं कोणी एकट्याने पाहायचं नाही.

वहीत सहा रकाने होते : अनुक्रमांक, कार्यक्रम, कोणाचा, किती मिनिटं, पाहिला का, शेरा. दर महिन्याला नवीन पान, नवीन अनुक्रमांक. ‘कोणाचा’ या रकान्यात तीनच शब्द यायचे : माझे, त्यांचे, दोघांचे. शेरा म्हणजे ‘मध्ये लाईट गेली, दोन तुकडे’ किंवा ‘पावसाने छत्री बंद, शेवटची दहा मिनिटं काळी’. लाईटसाठी पुढे इन्व्हर्टर घेतला. पावसाला इलाज नव्हता.

आणि तिसरा शेरा होता ‘चोरून’. शनिवारी शाळा सकाळची. हे बाराला घरी यायचे आणि मी संध्याकाळपर्यंत नसायची. तेवढ्यात ते आठवड्याचे भाग पाहून घ्यायचे आणि रविवारी माझ्या बाजूला बसून पहिल्यांदाच पाहिल्यासारखं तोंड करायचे. मला दोन प्रकारे कळायचं. एक म्हणजे, जो भाग कोणी उघडला त्याच्यापुढे डबा अर्धं वर्तुळ काढायचा, आणि ते पुसायचं कसं हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. दुसरं म्हणजे त्यांचा अभिनय. मालिकेतलं दार वाजायच्या आधीच हे दचकायचे.

“तुमी काहून दचकले? अजून कोणी आलं नाई,” मी विचारायची.

“मले वाटलं येईन कोणीतरी,” ते म्हणायचे. मी वही ओढून शेऱ्यात ‘चोरून’ लिहायची, आणि ते म्हणायचे, “लिव बाप्पा, लिव. स्टॉकवाली बाई सोडते का कोनाले.”

लग्नाच्या सत्तावीस वर्षांत आम्ही एकमेकांशी जे काही गोड बोललो असू, ते बहुतेक या चालीचं होतं.

त्या वर्षी जूनमध्ये त्यांच्या शाळेला एका मराठी वाहिनीच्या प्रश्नमंजूषेचं पत्र आलं. खेड्यातल्या शाळांसाठीची स्पर्धा, चौघांचा संघ, चित्रीकरण नागपूरला. त्यांनी सातवीच्या चार मुली निवडल्या. तीन निवडींवर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. चौथीवर साऱ्या शाळेचं होतं. ती मुलगी परक्या माणसापुढे तोंडच उघडत नसे. वहीत सगळं बरोबर, पण तोंडी परीक्षेत शून्य. शाळेत साहेब तपासणीला आले की ती बाकाखाली पेन्सिल शोधायची. मुख्याध्यापकांनी सांगितलं, ही मुलगी कॅमेऱ्यापुढे गप्प बसेल आणि शाळेचं हसं होईल. यांनी ऐकलं नाही. अडीच महिने रोज शाळा सुटल्यावर एक तास. घरी येऊन मला एवढंच सांगायचे, आज ती माझ्याशी बोलली, आज सफाईवाल्या बाईपुढे बोलली, आज सरपंचापुढे अर्धं उत्तर दिलं.

ऑगस्टच्या शेवटी त्यांचं पोट फुगायला लागलं. मी औषधांतली बाई, मी आधी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. हे वाक्य लिहून ठेवते, पुढे त्याबद्दल बोलत नाही. वाशिमच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. अकोल्याला यकृत म्हणाले, आणि उशीर झाला म्हणाले. मुली नागपूरला गेल्या तेव्हा हे सलाईनवर होते. सोबत शाळेतल्या दुसऱ्या बाई गेल्या. त्यांनी परत आल्यावर निकाल सांगायला फोन केला, तर यांनी अर्ध्यात थांबवलं. म्हणाले, मले काहीच सांगू नका, गावातल्यालेही सांगून ठेवा, लागन तवा मी पाहीन. आणि खरंच सारं गाव गप्प राहिलं. भेटायला येणारा माणूस हवापाण्याचं बोलायचा, सोयाबीनचं बोलायचा आणि ओठ दाबून परत जायचा.

पहिल्यांदा सुट्टी मिळून घरी आलो तेव्हा प्रसारणाची तारीख कळली होती. मी रेकॉर्ड लावलं. वहीत त्या महिन्याच्या पानावर सत्ताविसाव्या ओळीला कार्यक्रमाचं नाव लिहिलं. ‘कोणाचा’ मध्ये मी ‘दोघांचे’ लिहिणार होते. ते म्हणाले, “ते माह्यं लिव. त्या पोरी माह्या आहेत.” मी ‘त्यांचे’ लिहिलं. चार दिवसांनी पुन्हा अकोल्याला जावं लागलं. प्रसारण झालं त्या रविवारी आम्ही वॉर्डात होतो.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते.

दुसऱ्या भरतीच्या बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ते चांगले होते, सरळ बोलले. म्हणाले, बहुतेक घरी नेता येणार नाही, घरचं जे काही बघायचं असेल ते बघून घ्या. मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, दिवसच. मी तिथेच भिंतीला कागद लावून यादी केली. मुलाला पुण्याला फोन केला, माझ्या बहिणीला त्यांच्यापाशी बसवलं आणि पहिल्या एसटीने रिसोडला निघाले. अकोल्याहून तीन तास. घरी चार तास मिळणार होते. यादीत अकरा कामं होती.

शाळेचं सेवापुस्तक काढणं. बँकेच्या कागदांवर वारसाचं नाव पाहणं. कपडे. पाण्याची टाकी. वर्तमानपत्रांची रद्दी. ते जुने अंक जपून ठेवायचे, कात्रणं काढायची म्हणून. मी सगळे बांधून रद्दीवाल्याला दिले. त्यांचे शाळेचे बूट पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले. आणि आठवं काम होतं डबा. मागच्या वेळेला पडद्यावर साठा भरत आल्याची सूचना आली होती, ती माझ्या डोक्यात राहिली होती.

मी वही घेऊन टीव्हीपुढे बसले. आधी सत्तावीस तपासलं. पूर्ण झालं होतं, अठ्ठावन्न मिनिटं, एकही तुकडा नाही. मग मी ‘त्यांचे’ रकान्यावर बोट ठेवून खाली येत गेले. शेतीचे कार्यक्रम, कुस्त्या, एक जुनं नाटक, त्यांनी अर्धंच पाहिलेलं. एकेक निवडून डिलीट. डबा प्रत्येक वेळी विचारतो, नक्की काढायचं का. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. सत्ताविसाव्या ओळीलाही म्हटलं.

ज्या एक-दोघांना सांगितलं ते म्हणतात, तू थकली होतीस, भानावर नव्हतीस. मी थकले नव्हते. मी नाव वाचलं, मला सगळं आठवलं, आणि मनात आलं की पाहणारा घरी येणार नाही. ज्याची मुदत संपली ते बाहेर. डब्यात जागेची तशी नडही नव्हती. रविवारची मालिका होती, वहीत ‘दोघांचे’ पण खरी माझीच, तिचे एक्केचाळीस भाग तसेच होते. ते मी काढले नाहीत. ते मला पाहायचे होते.

चारच्या एसटीने परत गेले. ते जागे होते. विचारलं, झालं का रेकॉर्ड? मी सांगितलं, झालं, पूर्ण झालं, मध्ये लाईट गेली नाही. यातला प्रत्येक शब्द खरा होता. ते म्हणाले, बरं झालं, आणि डोळे मिटले.

नंतरच्या आठवड्यात त्यांना बरं वाटायला लागलं. बरं म्हणजे तसं नव्हे. पोटातलं पाणी काढलं, ताप उतरला, ते उठून बसले, पातळ भात गेला. डॉक्टर म्हणाले, इथे ठेवून आता आमच्या हातात काही नाही, घरी जाऊ द्या. गाडीत ते मागच्या बाकावर आडवे होते आणि मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन होते. पातूरचा घाट चढताना त्यांनी विचारलं, पोरींचं आज पाहाचं का उद्या? मी म्हटलं, उद्या. मालेगाव येईपर्यंत मी मनात दहा उपाय मांडले. बाईंना फोन. वाहिनीला फोन. कोणाच्या घरी असा डबा आहे का.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झोपेत असताना मी मागच्या अंगणातून फोन केले. बाई म्हणाल्या, गावात सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं मॅडम, ठेवलं कोणीच नाही. आमच्या घरी रेकॉर्ड होणार म्हणून सगळे निश्चिंत होते. वाहिनीच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की इंटरनेटवर फक्त पहिल्या मिनिटभराचा तुकडा आहे. तो मी पाहिला. त्यात पडदा उघडतो आणि सूत्रसंचालक हात जोडतो.

हॉलमध्ये त्यांचा पलंग टीव्हीसमोर लावला होता. तोंड धुऊन, बुद्धाच्या तसबिरीकडे बघून हात जोडून झाल्यावर त्यांनी रिमोट मागितला. मी म्हटलं, छत्रीला सिग्नल नाही. बाहेर नोव्हेंबरचं कोरडं ऊन होतं, ढग औषधालाही नव्हता. आणि रेकॉर्ड केलेलं पाहायला सिग्नल लागत नाही हे मीच त्यांना शिकवलं होतं. मी भात ढवळायला आत गेले. पुन्हा बाहेर आले तेव्हा रिमोट त्यांच्या हातात होता आणि पडद्यावर यादी.

ते यादी खाली नेत होते. माझी मालिका. माझी मालिका. माझी मालिका. सत्तेचाळीस वेळा, मधल्या आठवड्याचे सहा धरून. यादी संपली की ते पुन्हा वरून सुरू करायचे. दोनदा केलं. तिसऱ्यांदा मध्येच थांबले. मी दारात पळी धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. एखादा विद्यार्थी शाळेत का आला नाही, हे न विचारता कळलं की ते तसं बघायचे.

कधी काढलं, का काढलं, काही विचारलं नाही. त्यांना हिशोब लागला होता. मी कोणत्या दिवशी घरी आले होते ते त्यांना माहीत होतं.

मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, “अवं, ते तं म्या पाहून घेतलं.”

मी पळी खाली ठेवली.

“चोरून पाह्यलं. दवाखान्यात. तू चहा आणाले गेली तवा, मोबाईलवर.”

एकोणीस दिवस त्यांचा मोबाईल माझ्या पिशवीत होता. बटणांचा मोबाईल होता तो.

“वही आन,” ते म्हणाले. “लिव. सत्तावीस नंबर. पाह्यलं म्हणून लिव.”

मी म्हटलं, “मी नाई लिहू शकत.”

“लिव वं. नाई तं तुह्या डोक्यात राहीन ते.”

मी वही आणली. ‘पाहिला का’ या रकान्यात ‘होय’ लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात ‘चोरून’. त्यांनी वही हातात घेऊन वाचलं, मान हलवली आणि परत दिली. तेवीस वर्षांत माझ्या भांडारात एका गोळीची खोटी नोंद नाही. ही एक आहे.

चौथ्या दिवशी त्या मुली भेटायला आल्या. चौघी, शाळेच्या कपड्यांत, बाईंबरोबर जीपने. आत येताना जयभीम सर म्हणाल्या आणि पलंगाजवळ सतरंजीवर बसल्या. आता लपवायचं कारण नव्हतं, कार्यक्रम लागून गेला होता. तिघी एकदमच विचारत होत्या, सर पाह्यलं का, सर आमी कशा दिसलो. चौथी भिंतीला पाठ लावून आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

“पाह्यलं ना,” ते म्हणाले. “पन मले सांगा, शेवटच्या प्रश्नाले म्या मनात काय म्हनलं असन?”

तिघींतली एक वेणीवाली म्हणाली, “घाई कायले करता, आधी प्रश्न ऐका.”

“बरोबर. अन् मंग काय झालं?”

अशा रीतीने त्यांनी तो सगळा कार्यक्रम मुलींकडून काढून घेतला. शाळेत उजळणी घेतात तसा. त्याच्या आधी काय, त्याच्या नंतर काय, तू सांग, आता तू सांग. मुलींना वाटलं, सर परीक्षा घेत आहेत. त्यांचा दुसरा नंबर आला होता, पहिला एका गुणाने हुकला होता. हेही त्यांना तेव्हाच कळलं, आणि त्यांनी चेहऱ्यावर कळू दिलं नाही. दार वाजायच्या आधी दचकणारा माणूस त्या दिवशी एकदाही चुकला नाही.

मग वेणीवालीने चौथीकडे बोट दाखवून सांगितलं, “सर, हिनं तं तीन उत्तरं देल्ली. सगळ्यात जास्त हिनंच.”

ते तिच्याकडे वळले. खूप वेळ बघत राहिले. अडीच महिने ज्याच्यासाठी घालवले ते तोंड कॅमेऱ्यापुढे उघडताना कसं दिसलं, ओठ आधी थरथरले की नाही, आवाज शेवटपर्यंत टिकला की नाही, हे कोणाला विचारून कळणार नव्हतं. ते फक्त पाहायचं होतं. ती मान खाली घालून बसली होती. त्यांनी तिला काहीही विचारलं नाही. चार माणसांत तिला विचारू नये हे त्यांनीच सगळ्या शाळेला शिकवलं होतं.

ती निघताना त्यांनी एवढंच म्हटलं, “शाब्बास बेटा.” ती धावतच जीपकडे गेली.

त्यानंतर आठ दिवस ते होते. त्या दिवसांत एका दुपारी ते म्हणाले, तुही मालिका लाव, राह्यली आहे. आम्ही दोन भाग पाहिले. तिसऱ्यात त्यांना झोप लागली. मी तिथेच थांबवलं.

ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात पुण्याहून आलेला मुलगा होता, शाळा होती, गाव होतं, आरोग्य केंद्रातले सगळे होते. माझ्या हातात यादी होती : किती खुर्च्या, किती पत्रावळी, कोण बोलणार, किती मिनिटं. भंतेजींचं झालं. मुख्याध्यापक बोलले, सरपंच बोलले. मी स्वयंपाकाकडे भाताचं पातेलं बघायला वळले, तर माझ्या मागे कोणीतरी उभं होतं.

ती चौथी मुलगी होती. एकटीच आली होती. मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. तिचे ओठ आधी हलले, आवाज आला नाही. मी थांबले. यांनी शिकवलं होतं तशी थांबले, शब्द तोंडात न देता.

“मॅडम,” ती म्हणाली, “सरनं मले बोलताना पाह्यलं ना?”

आवाज बारीक होता, पण टिकला. शेवटच्या शब्दापर्यंत टिकला. म्हणजे असा होता तो. तो ऐकायचा होता एका माणसाला, आणि ऐकत मी होते.

मी म्हटलं, “हो. पाह्यलं. वहीत लिहिलेलं आहे.”

तिने मान हलवली आणि बाकीच्या मुलींत जाऊन बसली.

डबा अजून चालू आहे. मालिकेचे भाग साठत जातात, जागा संपली की जुने आपोआप निघतात. तिसऱ्या भागापुढे अर्धं वर्तुळ होतं. तो भाग निघू नये म्हणून कुलूप लावायची सोय डब्यात आहे, मला ती माहीत होती. मी लावलं नाही. मार्चमध्ये कधीतरी तोही गेला. वहीत मी नवीन पान काढलं नाही.